माहेरच्या आडनावाने नको

चि. ईशा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचून झालं. मेहनत पानोपानी दिसते. पण ‘आपली सरस्वती जपानात पोचली’ हे तू इतक्या वेळा सांगतेस की बेनझाइतेनची, म्हणजे तिच्या जपानी रूपाची, ओळख व्हायच्या आत प्रकरण संपतं. सासरी बाराशे वर्षं नांदलेल्या बाईला अजून माहेरच्या आडनावाने का हाक मारायची?

दसऱ्याला पाटीवर काढतो ती सरस्वती थोडी बाजूला ठेव. नारा शहरातल्या तोदाइजी या बौद्ध मंदिरातली तिची आठव्या शतकातली मूर्ती आठ हातांची आहे. ‘सुवर्णप्रभास’ या बौद्ध सूत्रातून आलेली ही देवी शस्त्रं धरणारी, राज्य राखणारी. सम्राट शोमूने 741 मध्ये प्रांतोप्रांती मंदिरं उभारायचा हुकूम दिला, त्यामागे याच सूत्रावरची श्रद्धा होती. पुढे मध्ययुगात तिच्या डोक्यावर छोटंसं तोरी (शिंतो देवस्थानाची कमान) आलं आणि सोबत वेटोळं घातलेला पांढरा साप, तोंड मात्र म्हाताऱ्या माणसाचं. हा उगाजिन नावाचा देव. तो तिच्याशी कोणी जोडला, कशासाठी? विद्येची देवी धनधान्य देणारी कशी झाली? माझ्या मते प्रबंधाचा जीव इथे आहे, आणि तू त्याला एका तळटिपेत उरकलंस.

दुसरी जागा 1868 ची. मेइजी सरकारने शिंतो हा जपानचा मूळ धर्म आणि बौद्ध धर्म वेगळे करायला लावले. बिवा सरोवरातल्या चिकुबुशिमा बेटावर बेनझाइतेनचं जुनं देऊळ त्सुकुबुसुमा या शिंतो देवस्थानाकडे गेलं. बेटावरच्याच होगोनजी या बौद्ध मंदिराने तिच्यासाठी आजचं देऊळ बांधलं ते थेट 1942 मध्ये. देवी कोणाची, हे सरकारदरबारी ठरलं. भक्तांचं काय झालं, त्यांनी कुठे हात जोडले, हे तुझ्या प्रकरणात यायलाच हवं.

ग्रंथालय पुष्कळ झालं, आता नागाहामाहून बोटीने त्या बेटावर जाऊन ये. तिथे लोक मातीच्या दोन छोट्या बश्या घेतात, एकीवर नाव लिहितात, दुसरीवर मागणं, आणि खालच्या तोरीतून जाईल अशा फेकतात. परवानगी घेऊन चार जणांशी बोल. विद्या मागतात की पैसा, की घरातल्या आजारपणाचं गाऱ्हाणं घालतात? तुझी जपानी आता तेवढी नक्कीच चालते.

भारताचा भाग दोन-तीन पानांत बसव. तुझे मार्गदर्शक काय म्हणतात तेही कळव. नवा खर्डा झाला की लगेच पाठव, बाबाही वाचायला मागतायत.

तुझी,
आई