हिमालयातलं ब्रह्मकमळ तिथेच राहू द्या, तुमच्या कुंडीतलं एक पान आम्हाला द्या

मंडळी, सोसायटीच्या बाग मंडळातर्फे एक विनंती.

यंदाही श्रावणात आपल्यातले बरेच जण केदारनाथ, बदरीनाथ, हेमकुंडला निघालेत. गेल्या वर्षी परतलेल्या दोघातिघांच्या पिशवीतून ब्रह्मकमळं निघाली. दोष कुणाला देणार? देवळाबाहेर ती विकायलाच असतात आणि देवाचं फूल म्हटलं की हात पुढे होतोच.

पण आपण गच्चीवर रात्री जागून ज्याची पूजा करतो, ते ब्रह्मकमळ म्हणजे मूळचा मेक्सिकोकडचा निवडुंग. एक पान खोचलं की जगतो. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं. ३००० मीटरच्याही वर, खडकांच्या फटींत आणि दगडगोट्यांच्या उतारांवर ते उगवतं. आपल्याला पाकळ्या वाटतात ती खरं तर कागदासारखी पातळ, पिवळसर पानं. खरी फुलं आत असतात, बारीक, जांभळी, त्या पानांच्या उबेत लपलेली. जुलै ते सप्टेंबर एवढाच त्यांचा मोसम. बर्फ पडायच्या आत फुलायचं आणि बीही धरायचं. ऐन फुलात खुडलं की त्या झाडाचं त्या वर्षीचं बी गेलं. म्हणूनच गढवालातल्या वरच्या गावांत नंदाष्टमीआधी, म्हणजे भाद्रपदातल्या नंदादेवीच्या सणाआधी, हे फूल तोडत नाहीत. ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे, हे तर आपल्यातल्या अनेकांना माहीतही नसतं.

तेव्हा यात्रेकरूंनी फूल तोडू नये, विकतही घेऊ नये. गिऱ्हाईकच नसेल तर एवढ्या उंचावरून ते कोण खुडून आणेल? फोटो मात्र भरपूर काढा, मंडळाच्या फलकावर लावू.

रिकाम्या हाताने परतायला जिवावर येतं, हेही कळतं. म्हणून यात्रेहून येणाऱ्या प्रत्येक घराला मंडळ कुंडीतल्या ब्रह्मकमळाचं एक रोप देणार आहे. त्यासाठी तुमची मदत हवी. ज्यांच्याकडे हे झाड आहे त्यांनी दोन-तीन निबर पानं द्यावीत. कापल्यावर चार दिवस सावलीत सुकवून आणलीत तर उत्तम, ओली लावली की कुजतात. जुन्या कुंड्या, वाळू, शेणखतही चालेल. ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी ५० रुपये वर्गणी द्यावी, पावती मिळेल.

पानं आणि वर्गणी रविवारी सकाळी ९ ते ११ बागेतल्या पारावर घेऊ. आणि हो, निवडुंगाला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, तेव्हा पुढच्याच श्रावणात तक्रार घेऊन येऊ नका.