वर्षभराची भटकंती आणि चॅनेल: तुझ्या तक्त्यावरून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा खर्चाचा तक्ता, दोन्ही नीट वाचले. वर्षभर फिरायचं, जिथे राहशील तिथल्या प्रवासावर आणि राहणीखर्चावर व्हिडिओ करायचे आणि चौथ्या महिन्यापासून यूट्यूब चॅनेलच्या कमाईत भागवायचं, असा तुझा बेत आहे. पहिल्या दोन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. तिसरीवर मी सरळ काट मारतोय. चॅनेलच्या कमाईची ओळ बाराही महिने शून्य धर आणि तरी बेत तगतो का ते बघ. तगत नसेल तर वर्षाचे आठ महिने कर, पण त्या ओळीत अंदाजाचे आकडे भरू नकोस. कारण पुढे लिहितो. आधी खर्चाचं बघू, तो आधी सुरू होतो.

तू दर सहा दिवसांनी मुक्काम हलवला आहेस. सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच आहे. समज, एका ठिकाणी पोचायचा खर्च १२,००० आणि तिथला रोजचा खर्च २,००० (चलन कुठलंही धर). सहा दिवस राहिलास तर प्रवासाचे दिवसाला २,००० पडतात, म्हणजे खरा रोजचा खर्च ४,०००. तिथेच तीस दिवस राहिलास तर प्रवासाचा वाटा ४०० वर येतो आणि दिवस २,४०० मध्ये निघतो. शिवाय खोलीचं भाडं उतरतं ते वेगळंच. एअरबीएनबीसारख्या, घरं भाड्याने देणाऱ्या वेबसाइटवर मासिक सवलत २८ रात्रींपासून लागू होते. ती किती द्यायची हे घरमालक ठरवतो, काही जण देतच नाहीत. म्हणून २५ रात्री शोधत असशील तर एकदा २८ टाकून बघ; कधीकधी एकूण रक्कमच कमी दिसते. लांब मुक्कामाचा आणखी एक फायदा तक्त्यात दिसत नाही. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस पैसे वायाच जातात, कारण कुठला पास घ्यायचा, सामान कुठे स्वस्त मिळतं, कपडे कुठे धुवायचे हे माहीत नसतं. सहा दिवसांच्या मुक्कामात निम्मा वेळ असाच जातो.

शहरांचे आकडे तू नंबिओ या राहणीखर्चाच्या वेबसाइटवरून घेतलेले दिसतात. एका शहराची दुसऱ्याशी तुलना करायला ते ठीक आहेत, पण ते आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात आणि भाडं हे तिथल्या रहिवाशाच्या लांब कराराचं असतं. तुला महिनाभरासाठी सामानसुमानासकट घर लागणार, म्हणजे दर वरचाच. त्यामुळे भाड्याचा रकाना पुसून टाक आणि तुझ्या नेमक्या तारखा टाकून जे दर दिसतात त्यातला मधला घे. सगळ्यात स्वस्त घेऊ नकोस. स्वस्त जागा आधी भरतात, आणि उरलेल्या का उरल्या हे तिथे गेल्यावर कळतं.

वर्षातून एकदाच येणारे खर्च तक्त्यात कुठेच नाहीत. विमा, व्हिसा शुल्क, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची वर्गणी, क्लाउड साठवण, चष्मा, दात, फुटलेली लेन्स. या सगळ्यांची बेरीज कर, १२ ने भाग आणि 'मासिक' रकान्यात टाक. विम्याची कागदपत्रं घेताना दोन कलमं शोध. एक, उपकरणांची प्रत्येक वस्तूमागची मर्यादा. एकूण रक्कम मोठी असली तरी एका कॅमेऱ्यामागे ती फारच छोटी असते. दुसरं, कमाईसाठी वापरलेली उपकरणं वगळली आहेत का. ती वगळलेली असतील तर तुझ्यासाठी तो विमा फक्त दवाखान्याचा. चोरी झाल्यास पोलिसांकडची नोंद लागते आणि बऱ्याच पॉलिसींत ती २४ तासांत करायची अट असते.

तिकिटांबद्दल तू विचारलंस की ब्राउझरचा इतिहास पुसल्याने दर उतरतो का. त्यात वेळ घालवू नकोस. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भाडेगटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गटातल्या संपल्या की पुढचा गट दिसतो. यातून एक उपयोगी युक्ती मात्र निघते. दोघांची तिकिटं एकत्र शोधलीस आणि स्वस्त गटात एकच जागा उरली असेल, तर सहसा दोन्ही तिकिटं महाग गटात दाखवली जातात. म्हणून कोणी सोबत येणार असेल तर आधी एकाचा दर बघ, मग दोघांचा. फरक दिसला तर वेगळी काढा.

तीन ठिकाणी तू दोन स्वतंत्र तिकिटं जोडून प्रवास स्वस्त केला आहेस. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर तुझी काहीच जबाबदारी नसते, तिकीट बुडतं. शिवाय सामान बाहेर येऊन घ्यावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि काही पासपोर्टना त्यासाठी व्हिसा लागतो. असं करायचंच असेल तर मध्ये एक रात्र ठेव आणि तिचं भाडं धरूनही बचत उरते का ते तपास. तुझ्या तीनपैकी दोन ठिकाणी नाही उरत, मी हिशेब करून पाहिला. जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट काढून त्याचा पहिला टप्पा सोडून दिलास तर पुढचे सगळे सहसा आपोआप रद्द होतात, हेही ध्यानात ठेव.

बॅटऱ्या आणि पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. बॅटरीवर छापलेल्या एमएएचच्या आकड्याला ३.७ ने गुणून १,००० ने भागलं की वॉट-अवर मिळतात, म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर. वॉट-अवर किंवा एमएएच छापलेला मजकूर घासून गेला असेल तर तपासणीत ती काढून घेऊ शकतात, तेव्हा जुनी नेऊ नकोस.

पैसे देताना कार्डाचं मशीन 'तुमच्या चलनात की इथल्या?' असं विचारेल. नेहमी इथल्या. स्वतःच्या चलनात घेतलंस की रूपांतराचा दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि त्यात तिची कमाई मिळवलेली असते. एटीएममध्ये हाच प्रश्न थोडा फसवा येतो. 'रूपांतर नाकारा' हे बटण दाबलं तर व्यवहारच रद्द होईल असं वाटतं, पण होत नाही. क्रेडिट कार्डावर रोख काढू नकोस. त्यावर व्याज त्याच दिवसापासून चढतं.

आता चॅनेल. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम (लोकांनी तुझे व्हिडिओ बघण्यात घालवलेला वेळ) लागतो, किंवा तासांऐवजी ९० दिवसांत शॉर्ट्सचे (उभ्या, छोट्या व्हिडिओंचे) १ कोटी व्ह्यूज. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३,००० तास (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज) अशी खालची एक पायरी २०२३ पासून आहे, पण तिच्यात प्रेक्षकांनी थेट दिलेले पैसे येतात, जाहिरातींचे नाहीत. तू रोज एक शॉर्ट टाकायचं ठरवलं आहेस. शॉर्ट्सच्या फीडमधली मिनिटं या तासांत मोजलीच जात नाहीत. सबस्क्रायबर त्यांनी वाढतील, पण शॉर्ट बघून आलेला माणूस बारा मिनिटांचा व्हिडिओ उघडेलच असं नाही. आठवड्याला एक लांब व्हिडिओ, आणि त्यातूनच कापलेले एक-दोन शॉर्ट्स पुरे.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुझा व्हिडिओ लोक सरासरी ४ मिनिटं बघतात असं धरलं तर ६०,००० व्ह्यूज लागतील. ४० व्हिडिओंवर पसरले तर प्रत्येकी १,५००. अशक्य नाही, पण तीन महिन्यांचंही काम नाही. आणि हा फक्त दरवाजा झाला. आतला हिशेब असा: लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के तुझे. लोक ज्या सीपीएमच्या गप्पा मारतात तो जाहिरातदार हजार वेळा जाहिरात दाखवण्याला किती देतो त्याचा आकडा. तुझ्या कामाचा आकडा आरपीएम, म्हणजे हजार व्ह्यूजमागे तुझ्या हातात किती पडले. प्रत्येक व्ह्यूला जाहिरात लागत नाही, त्यामुळे दोन्हींत बरंच अंतर असतं. वरच्या हिशेबाने महिन्याचा खर्च ७२,००० आहे. त्याच चलनात आरपीएम ६० धरला तर दर महिन्याला १२ लाख व्ह्यूज हवेत. दरवाजा उघडायला वर्षभरात ६०,००० आणि राहणीखर्च भागवायला महिन्याला १२ लाख! म्हणून ती काट. डिसेंबरनंतर जाहिरातदार हात आखडतात, त्यामुळे जानेवारीत तेवढ्याच व्ह्यूजना कमी पैसे दिसतात, हेही आधीच माहीत असू दे.

पैसे लागू झाल्यावरही लगेच हातात येत नाहीत. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघते, आणि तीही खात्यात किमान १०० डॉलर जमले असतील तरच. भटक्यांची खरी पंचाईत दुसरीकडेच आहे. कमाई १० डॉलरवर गेली की गुगलची पैसे चुकते करणारी सेवा अॅडसेन्स तुझ्या पत्त्यावर टपालाने पत्ता पडताळायचा पिन पाठवतं. चार महिन्यांत तो भरला नाहीस तर कमाई थांबते. भाड्याच्या खोलीचा पत्ता दिलास तर पाकीट येईपर्यंत तू पुढच्या गावी असशील. जिथे कोणीतरी कायम राहतं आणि टपाल उघडून फोटो पाठवेल असाच पत्ता दे. गुगलला द्यायचा अमेरिकी कराचा फॉर्म पहिल्याच दिवशी भर. तो नसेल तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते, भरलास तर ती फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर लागते.

व्हिडिओ कसले करायचे, यावर माझं मत ठाम आहे. 'माझा दिवस' छापाचे व्हिडिओ ओळखीचे लोक बघतात. अनोळखी माणूस प्रश्न घेऊन येतो: विमानतळावरून शहरात कसं जायचं, महिनाभराचं घर घेताना अनामत किती मागतात, एका माणसाला महिन्याला किती पुरतात. अशा व्हिडिओंना सुरुवातीला गर्दी नसते, पण शोधातून ते महिनोन्महिने चालतात. अट एकच: प्रत्येक आकड्याबरोबर महिना, वर्ष, चलन, किती माणसं आणि कुठला हंगाम हे पडद्यावर दिसलं पाहिजे. 'इथे स्वस्ताई आहे' एवढंच म्हटलंस तर सहा महिन्यांनी प्रतिक्रियांत लोक तुला खोटा ठरवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. दर बदलले की जुन्या व्हिडिओच्या वर्णनात नवा आकडा लिही. वर्णनात वेळा देऊन भाग पाडायचे तर पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन भाग हवेत आणि प्रत्येक भाग १० सेकंदांहून छोटा नको.

थंबनेलवर (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर) किती जण क्लिक करतात तो टक्का रोज बघत बसू नकोस. यूट्यूबच्या सांगण्यानुसार निम्मे चॅनेल २ ते १० टक्क्यांत असतात. त्यापेक्षा पहिल्या ३० सेकंदांत किती जण टिकतात तो आलेख बघ. तिथे घसरण असेल तर शीर्षकात जे कबूल केलं ते उशिरा आलं, किंवा तू नमस्कार-चमत्कारातच रमलास.

तांत्रिक बाजूला तू साठवण आणि अपलोड धरलेलाच नाहीस. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के शूट केलंस तर तासाला ४५ जीबी होतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी दोन तासांचं फुटेज सहज जमतं, म्हणजे ९० जीबी, आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या बॅगांत. तयार ४के फाइल ४५ एमबीपीएसने काढलीस तर जवळपास ३.४ जीबीची होते. ५ एमबीपीएसच्या अपलोडला ती चढायला दीड तास लागतो. तीच १०८०पी मध्ये (४केहून कमी बारकाव्याची) ८ एमबीपीएसने काढलीस तर १६ मिनिटं. सुरुवातीला १०८०पी ठेव, कोणी तक्रार करणार नाही. घर घेताना वायफाय 'फास्ट' आहे का असं विचारू नकोस, स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट माग आणि त्यातला अपलोडचा आकडा वाच.

फोनचं फुटेज बदलत्या फ्रेमरेटचं (सेकंदाला किती चित्रं, तो दर) असतं, त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज ओठांच्या मागे पडत जातो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून फ्रेमरेट स्थिर (कॉन्स्टंट) करून मगच एडिटिंगला घे. दिवे लुकलुकताना दिसले तर शटर तिथल्या विजेशी जुळव: ५० हर्ट्झच्या देशांत १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या देशांत १/६० किंवा १/१२०. मागे गाणं वाजत असलेल्या जागी बोलायला उभा राहू नकोस. कंटेंट आयडीने (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) ते ओळखलं की त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात. तो दावा म्हणजे स्ट्राइक (नियम मोडल्याची नोंद) नव्हे, घाबरून व्हिडिओ काढून टाकू नकोस. यूट्यूबच्याच एडिटरमधून तेवढा आवाज म्यूट करता येतो. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक मात्र चॅनेल बंद करतात.

जाहिरातीचा प्रस्ताव म्हणून पासवर्ड लावलेली झिप फाइल आली तर उघडू नकोस. चॅनेल चोरीला जातात ते बहुधा याच वाटेने; लॉगिन झालेल्या ब्राउझरच्या कुकीज उचलल्या जातात, त्यापुढे ओटीपीही कामाला येत नाही. बँकेशी जोडलेलं सिम चालू ठेव, आणि गुगलचे बॅकअप कोड कागदावर लिहून फोनपासून वेगळ्या बॅगेत ठेव. पर्यटक व्हिसावर व्हिडिओतून कमाई चालते का, हे प्रत्येक देशाचं आधी बघून घे. एका देशात १८३ दिवसांहून जास्त राहिल्यास बऱ्याच ठिकाणी तू करापुरता तिथला रहिवासी ठरतोस.

तक्ता पुन्हा मांडताना मुक्काम महिन्याचे धर, त्यातले आठ दिवस फक्त एडिटिंगसाठी मोकळे ठेव, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात टाक. नवी प्रत पाठव, मी लगेच बघतो. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र