आमच्या कटिंगवाल्या दादांना थँक्यू

दादा, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, तुमचा मोबाईल म्हणजे जुनी गाणी आणि मॅचचा स्कोअर, पण तुमची मुलगी वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो ताई त्यात काय" म्हणून टॉवेल झटकायला लागता.

माझ्या पोराला शेंगदाणा, तीळ आणि बदाम, तिन्ही चालत नाहीत. पुण्यात राहून शेंगदाण्याशिवाय दिवस काढायचे म्हणजे काय ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं, कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, उपासाला तर कूटच कूट, आणि संक्रांतीला दारावरची बेल वाजली की माझ्या पोटात गोळा. पण हे सगळं खाण्याचं झालं. कटिंगला नेताना ऍलर्जी हा विषय माझ्या डोक्यातच नव्हता.

तो चार वर्षांचा असताना एका दुसऱ्या सलूनमध्ये गेलो होतो, चांगलं एसी वगैरे होतं. कटिंग झाल्यावर तिथल्या मुलाने कौतुकाने चंपी करायला घेतली आणि मी फोनवरून मान वर करेपर्यंत बदाम तेल डोक्यावर. दहा मिनिटांत मानेवर पित्त उठलं, त्याने तोच तेलकट हात डोळ्याला लावला आणि डोळा इतका सुजला की उघडेना. आणि तिथला मालक मलाच म्हणतो, मॅडम खायला कुठे दिलं, नुसतं लावलं तर! (जपानमध्ये गव्हाचं प्रोटीन असलेल्या साबणाने तोंड धुऊन धुऊन 2000 च्या वर लोकांना गव्हाची ऍलर्जी झाली होती, 2011 मध्ये तो साबण परत मागवला, हे मला नंतर कळलं, नाहीतर तिथेच सुनावलं असतं.) मग वर्षभर मीच घरी कात्रीने केस कापले. शाळेच्या फोटोत तो डोक्यावर वाटी ठेवून कापल्यासारखा दिसतो, ते पाप माझं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी दारातच उभं राहून घडाघडा सगळं सांगितलं, म्हटलं नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा. तुम्ही कुणाचीतरी दाढी करत होतात. वस्तरा थांबवून एवढंच विचारलंत, "खाल्लं तर होतं, का लागलं तरी होतं?" दादा, हा प्रश्न मला तोवर फक्त डॉक्टरांनी विचारला होता. आमच्या नात्यातल्या लोकांनी पण नाही.

मग बाकावर पडलेली खाऱ्या दाण्यांची पुडी तुम्ही उचलून बाहेर टाकलीत आणि मागे हात धुवायला गेलात. मी सॅनिटायझर पुढे केला तर म्हणालात, त्याने चिकट जात नाही ताई, साबणच पाहिजे. आमच्या डॉक्टरांनी पण नंतर हेच सांगितलं, सॅनिटायझरने जंतू मरतात पण दाण्याचं प्रोटीन हातावर तसंच राहतं, साबण-पाणी नाहीतर वेट वाइप्स लागतात.

बाटल्यांचं तर काय सांगू. लेबलवर सरळ बदाम लिहिलेलं नसतं कधीकधी, 'प्रूनस अमिग्डॅलस' लिहितात, शेंगदाण्याचं 'ॲरॅकिस हायपोजिया', तिळाचं 'सेसामम इंडिकम'. मी ही तीन नावं कागदावर लिहून दिली, तुम्ही तो कागद आरशाच्या कोपऱ्यात देवाच्या फोटोखाली खोचलात. आणि ते लाकडी घाण्याचं तिळाचं तेल, जे सगळे नॅचरल म्हणून मागतात, ते वरच्या फळीवर गेलं ते गेलंच. त्यात प्रोटीन रिफाइंडपेक्षा जास्त राहतं, आमच्यासाठी तेच जास्त डेंजर, त्यात पोराला मशीनने कुठे खरचटलं असेल तर विचारूच नका.

पोराचा स्टीलचा डबा तुमच्या कपाटात आहे, त्यात त्याचा कंगवा, त्याचा मानेचा ब्रश, घरून आणलेलं कापड. सोमवारी सुट्टी, म्हणून मंगळवारी सकाळी पहिला नंबर त्याचा, धुतलेल्या दुकानात. सासूबाई म्हणतात मंगळवारी केस कापू नयेत, म्हटलं बरंच आहे, गर्दी नसते. तुम्ही खुर्चीच्या हातांवर फळी टाकता, ती आधी ओल्या फडक्याने पुसता, मग त्याला उचलून बसवता. फडकं पण वेगळं. हे मी सांगितलेलं नाही.

आणि तो फोन. "ताई, नवीन पावडर आणलीये, मागचं अक्षर लई बारीक आहे, फोटो पाठवतो, तुम्ही वाचेपर्यंत पोराला आणू नका." निघालं काहीच नाही त्यात. पण मी किचनमध्ये उभी राहून रडले, खरं सांगते. "काही होत नाही हो" म्हणणारे खूप भेटले, मला कळत नाही तुम्ही बघा, असं म्हणणारा माणूस भेटत नाही.

ऍलर्जीचा जोराचा अटॅक आला तर लगेच टोचायचं ते इंजेक्शनचं पेन आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही, आम्ही बाहेरून मागवलंय. ते बघून तुम्ही घाबराल वाटलं होतं. तुम्ही तुमच्या हाताखालच्या पोराला हाक मारलीत, म्हणालात, बघून घे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पॅन्टवरूनच, आणि लगेच 108 ला फोन. दोनदा म्हणवून घेतलंत त्याच्याकडून. आता पाऊच तिथे आरशाशेजारच्या हुकला लटकतो, आम्ही आहोत तोवर.

पैसे तुम्ही इतर पोरांइतकेच घेता, वेळ दुप्पट जातो. दिवाळीला ओल्या नारळाच्या वड्या दिल्या तर रिकामा डबा तुम्ही घासून, पुसून परत केलात.

येत्या मंगळवारी येतोय, साडेआठला. या वेळी त्याला बाजूला लाइन मारून हवीये, कुठल्या क्रिकेटरसारखी ते तोच सांगेल. मी हो म्हटलेलं नाही अजून, तुम्ही पण म्हणू नका.