एजंटाच्या हाती पैसे देताना टूलचे वर्णन नीट लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातील पैशांचे व्यवहार एआय एजंटाकडे, म्हणजे आपल्या वतीने कामे करणाऱ्या एआय प्रोग्रामकडे, सोपवावेत का, याविषयी बरेच बोलले जाते. परंतु एजंटाला खात्याशी जोडणारी टूल्स (शिल्लक पाहणे, पैसे पाठवणे अशी एकेक कामे करून देणारे छोटे प्रोग्राम) कशी वर्णन केलेली असतात, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी वडोद्यातील काही तरुणांना हिशेबाचे ॲप तयार करण्यात मदत करतो आणि त्या कामामुळे या प्रश्नाचे गांभीर्य माझ्या लक्षात आले आहे.

एजंटातील भाषा-मॉडेलला, म्हणजे मजकूर वाचून निर्णय घेणाऱ्या भागाला, टूलच्या आतला प्रोग्राम सहसा दिसत नाही. टूलचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा, एवढ्याच आधारावर ते कोणते टूल वापरायचे हे ठरवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला टूल्सशी जोडण्याच्या ठरावीक पद्धतीमध्येही हीच रचना आहे. म्हणून ‘खात्याची माहिती देते’ असे वर्णन लिहून मोकळे होणारा प्रोग्रामर ग्राहकाच्या पैशांबाबत निष्काळजीपणा करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिल्लक ही साधी वाटणारी गोष्ट घ्या. खात्यात दिसणारी रक्कम आणि आज काढता येणारी रक्कम यांत फरक असू शकतो, कारण भरलेला धनादेश अजून वटलेला नसतो किंवा काही रकमेवर बँकेने लियन ठेवलेले असते, म्हणजे ती अडवून ठेवलेली असते. हा फरक वर्णनात नसेल, तर एजंट पहिली रक्कम वाचून हप्ता भरायला निघेल. त्याऐवजी असे लिहावे : ‘बचत खात्यातून या क्षणी काढता येईल एवढी रक्कम पैशांत देते, मुदत ठेवी आणि न वटलेले धनादेश त्यात धरत नाही, कोणताही व्यवहार करत नाही.’ यातील ‘पैशांत’ हा तपशील अत्यंत महत्त्वाचा आहे. अनेक पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवा) रक्कम रुपयांत न घेता पैशांत घेतात, त्यामुळे ५०० हा आकडा एका ठिकाणी पाचशे रुपये ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी पाच रुपये. तारखेचेही तसेच आहे : ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे सांगितलेच पाहिजे.

पीपीएफच्या टूलमध्ये तर आणखी काळजी घ्यावी लागते. महिन्याच्या ५ तारखेची कामकाजाची वेळ संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज मिळते. वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा असते आणि ते वर्ष १ एप्रिलला सुरू होते. बँकेत काम केलेल्या कोणालाही हे पाठ असते, पण ‘पीपीएफमध्ये पैसे भरते’ एवढेच वाचणारा एजंट ६ तारखेला निर्धास्तपणे पैसे भरेल आणि आपले काही चुकले, हे त्याला कळणारही नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पैसे पाठवणाऱ्या टूलची. पैसे गेले, पण उत्तर यायला उशीर झाला, तर एजंट काय करील? अशा वेळी आधी त्याच व्यवहार क्रमांकाची स्थिती तपासावी, नवा व्यवहार सुरू करू नये, असे वर्णनात लिहिलेले नसेल, तर तो पुन्हा पैसे पाठवण्याची दाट शक्यता आहे आणि घरभाडे दोनदा जाईल. तीच गोष्ट मुदत ठेवीची. ठेव मुदतीआधी मोडल्यास व्याज कमी मिळते आणि बऱ्याचदा दंडही बसतो. म्हणून मोडण्यापूर्वी खातेदाराला नेमकी किती झळ बसेल ते सांगून त्याची संमती घ्यावी, हे त्याच टूलच्या वर्णनात असायला हवे.

अर्थात, चांगल्या वर्णनाने सगळे साधते असे नाही. ‘हे टूल फक्त वाचते’ किंवा ‘हे टूल बदल घडवते’ अशी खूण टूलला जोडता येते; परंतु वर उल्लेख केलेल्या प्रोटोकॉलनेच या खुणांना केवळ सूचना म्हटले असून टूल पुरवणाऱ्या अनोळखी सर्व्हरकडून आलेल्या खुणांवर विसंबू नये, असे बजावले आहे. परक्या टूलच्या वर्णनात एजंटाला फसवणारा मजकूर दडवणेही शक्य असते. म्हणून रकमेची मर्यादा आणि खातेदाराची मंजुरी प्रोग्राममध्ये पक्की बांधलेली असावी. वर्णनावर त्यांचा भार टाकू नये.

ही वर्णने एकट्या प्रोग्रामरने लिहू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्या शहरात १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा सुरू झाली, तेथे काउंटरवर आयुष्य घालवलेल्या माणसांची वाण नाही. दांडिया बाजारापासून राजमहाल रोडपर्यंत अशी मंडळी आजही सल्ला द्यायला तयार आहेत. ॲप बनवणाऱ्यांनी त्यांच्यासमोर प्रत्येक वर्णन ठेवावे आणि ‘हे वाचून तुम्ही कोणता व्यवहार कराल?’ एवढेच विचारावे. उत्तरे वेगवेगळी आली, तर ते वर्णन पुन्हा लिहावे. तसेच, बँका सेवाशुल्काचे दरपत्रक जसे जाहीर करतात, तशीच एजंटांना दिलेल्या टूल्सची वर्णनेही त्यांनी गुजराती, मराठी आणि हिंदीत ग्राहकांना वाचायला उपलब्ध करावीत. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
वडोदरा