बाटलीवर वेळ लिहून घ्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर आई म्हणाली, ‘फोटोत गाठ दिसली आहे, तर आता सुई कशाला टोचायची? सरळ काढून टाकू दे.’ बाबा, तुम्हीही तिच्याच बाजूने बोललात, कारण गाठीला सुई लागली की ती चवताळते, असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही. दिवसभर मी असेच गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, पण स्वतःच्या आईचा अहवाल वाचताना मला शब्द सुचेनात. म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, ते आईला सावकाश वाचून दाखवा.

आधी मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण चित्राच्या, अहवालातील ‘बायरॅड्स ४बी’ या शेऱ्याविषयी. आई, तू त्याला चौथी स्टेज समजून रात्र जागून काढलीस, हे ऐकून माझ्या पोटात कालवले. ही रोगाची पायरी नाही. चित्र पाहून किती संशय वाटतो, हे सांगण्याची क्ष-किरणतज्ज्ञांची ती शून्य ते सहा अशी पट्टी आहे. त्यातील चारचे पुन्हा ए, बी आणि सी असे तीन भाग असतात. ४बी म्हणजे अशा शंभर गाठींपैकी साधारण दहा ते पन्नास कर्करोगाच्या निघतात आणि उरलेल्या साध्या असतात. तुझी गाठ यांपैकी कोणत्या बाजूची आहे, हे त्या चित्राला सांगता येत नाही. रोगाची स्टेज ठरते ती कर्करोग सिद्ध झाल्यानंतर.

चित्राचे मोल मी कमी करत नाही. मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, तर दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. तरुण स्त्रीच्या स्तनात ग्रंथी दाट असल्यामुळे पांढऱ्यात पांढरे हरवून जाते. तुझ्या वयात ग्रंथी विरळ झाल्यामुळे चित्र बरेच स्वच्छ येते. तज्ज्ञ पाहतात ती गाठीची कड गुळगुळीत आहे की तिच्यातून काटे फुटल्यासारख्या रेषा निघाल्या आहेत, आणि चुन्याचे मिठाच्या कणांसारखे बारीक ठिपके एका जागी गोळा झाले आहेत का. स्तन दाबून धरला की चित्र स्पष्ट येते आणि हे ठिपके महत्त्वाचे असतात, हे उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिले. तुला त्या यंत्रात जो दाब सहन करावा लागला, तो त्यासाठीच होता. बाबा, चार वर्षांपूर्वीची मॅमोग्राफीची फिल्म कपाटात असेल, ती न विसरता सोबत न्या. जुन्या चित्रात ही गाठ होती का आणि तेव्हा केवढी होती, हे कळले तर तज्ज्ञांना फार मदत होते.

गाठ वेळेवर हाताला लागली, हेही लहान नाही. आई, शिबिरातल्या परिचारिकेच्या बोटांना ती लागली, म्हणून मी त्या बाईंची मनापासून ऋणी आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. त्यातील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. 2021 मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

आता सुईविषयी, म्हणजे बायोप्सीविषयी. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टर ती जागा बधिर करतील आणि सुईने शेवयीच्या तुकड्यांसारखे तीन-चार बारीक तुकडे काढतील. प्रत्येक वेळी स्टेपलरसारखा खटकन आवाज होतो. त्याने दचकू नकोस, दुखत नाही. सुईमुळे कर्करोग अंगभर पसरतो, या समजुतीला आधार नाही. रक्त पातळ करणारी गोळी तू घेतेस, हे डॉक्टरांना आधीच सांगा, पण ती मनानेच बंद करू नका.

तो तुकडा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात, मुरतो, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो. त्या ब्लॉकवरून आम्ही केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतके पातळ काप घेतो आणि रंगवतो. गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे बहुतेक वेळा तिथेच कळते. समजा ती कर्करोगाची निघाली, तरी तेवढे नाव उपचाराला पुरत नाही. मग त्याच ब्लॉकच्या कापांवर आम्ही मार्कर लावतो, म्हणजे पेशीत ठरावीक प्रथिने आहेत का हे रंगाने पाहतो: इआर (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा ग्राहक), पीआर (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा ग्राहक) आणि हर-टू (पेशीची वाढ भडकवणारे प्रथिन). पेशीत इस्ट्रोजेनचा ग्राहक असेल, तर तिचे केंद्रक तपकिरी रंगते. शंभरात एक पेशी रंगली तरी अहवाल पॉझिटिव्ह धरतात, मात्र दहापर्यंतच रंगल्या असतील तर ‘कमी पॉझिटिव्ह’ असे स्पष्ट लिहितात. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये, इस्ट्रोजेन तयार करणारी अंडाशये काढल्यावर स्तनातील गाठ ओसरते असे नोंदवले होते. त्यामागचे कारण कळायला अर्धे शतक उलटून जावे लागले, आणि आज तेच काम रोजची एक गोळी करते. हर-टू पेशीच्या कडेला रंगतो. तो ठळक असेल तर सगळे क्षेत्र तपकिरी जाळी विणल्यासारखे दिसते आणि आम्ही तीन अधिक लिहितो. दोन अधिक आले तर निकाल अधांतरी असतो, म्हणून फिश नावाची जनुकांची तपासणी करावी लागते. एके काळी हर-टूची गाठ म्हटले की डॉक्टरांचेही चेहरे उतरत. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि त्याच मार्करमुळे या रुग्णांना नेमके औषध मिळू लागले.

बाबा, आता जे लिहिणार आहे ते मी आजवर तुम्हाला सांगितले नव्हते. मोठ्या मावशीची गाठ एका लहान रुग्णालयात आधी सुईची तपासणी न करताच काढली गेली. तिथल्या माणसाने ती सलाइनच्या पाण्यात घालून बाटली तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही ती वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या दिवशी एसटीने प्रयोगशाळेत पोहोचवलीत. तुम्ही सांगितले तसेच केलेत, तुमचा त्यात तिळमात्र दोष नव्हता. पुढे एम.डी.ला असताना मी तिच्या फाइलमधील स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. इआर निगेटिव्ह असे लिहिले होते. पण शेजारच्या निरोगी ग्रंथीदेखील रंगल्या नव्हत्या, आणि त्यातल्या काही पेशी तरी रंगायलाच हव्यात. म्हणजे तपासणीच फसली होती. शरीराबाहेर आलेल्या पेशी फॉर्मेलिन मिळाले नाही तर स्वतःलाच पचवू लागतात आणि मार्कर पुसले जातात. गाठ आधीच पूर्ण काढलेली असल्यामुळे दुसरा चांगला तुकडा घ्यायला काही उरलेही नव्हते. मावशीला ती गोळी कधीच मिळाली नाही. ती मिळाली असती तर मावशी आज असती, असे मी म्हणणार नाही. पण तिच्या गाठीला प्रश्न विचारण्याची आपली एकमेव संधी त्या बाटलीत गेली. ते मला अजून टोचते.

म्हणून आईची गाठ ‘आधी काढू, मग पाहू’ असे कोणी म्हटले तरी मान्य करू नका. बायोप्सीसाठी शनिवार किंवा सुट्टीच्या आदल्या दिवसाची वेळ घेऊ नका. तुकडे तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये पडले पाहिजेत आणि तिथे सहा ते बहात्तर तास राहिले पाहिजेत. सुट्टीत प्रयोगशाळा बंद असली की हे गणित बिघडते. अहवाल आला की ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, ते आईचे आहेत. लोक ब्लॉक घेऊन टाटाला दुसरे मत घ्यायला जातात, तसे आपणही जाऊ शकतो.

मी बुधवारी रात्रीच्या गाडीने निघते आणि गुरुवारी सकाळी तुमच्याजवळ पोहोचते. गाडीला उशीर झाला तर माझ्यासाठी थांबू नका. बाबा, सदऱ्याच्या खिशात पेन ठेवा. तुकडे बाटलीत पडले की त्यात फॉर्मेलिनच आहे ना, हे विचारा, घड्याळ पाहा, आणि बाटलीवर आईचे पूर्ण नाव, डावी बाजू आणि ती वेळ परिचारिकेकडून तुमच्यासमोर लिहून घ्या.

तुमची लेक