३८ ट्राय, तेही फुलबॅकचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रान्सच्या दामियां पेनोने देशातर्फे सर्वाधिक ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे) करण्याचा विक्रम केला, ही बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. रग्बीला मराठी वृत्तपत्रात चार ओळी मिळाल्या याबद्दल आधी आभार. तक्रार एवढीच, की ज्याचा विक्रम मोडला त्या सर्ज ब्लांकोला '९३ सामने, ३८ ट्राय' एवढ्यावर गुंडाळले आहे. शिवाय त्याला 'व्यावसायिक खेळाडू' म्हटले आहे, ते तर साफ चूक.

पेनो विंगर आहे, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा. ट्राय करणे हे त्याचे कामच. ब्लांको बहुतेक सामने फुलबॅक म्हणून खेळला, म्हणजे पंधरा जणांत सर्वांत मागे उभा राहणारा. तो चुकला की मागे कोणी नाही. यष्टिरक्षकाने देशातर्फे सर्वाधिक शतके ठोकावीत, तसला हा प्रकार! त्यात त्याच्या काळी ट्रायला चारच गुण मिळत. पाच झाले १९९२ मध्ये, तो फ्रान्सच्या संघातून बाहेर पडल्यावर.

१९८७ च्या विश्वचषकाची उपांत्य लढत सिडनीत होती. ऑस्ट्रेलियाशी २४-२४ अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी ब्लांकोने डाव्या कोपऱ्यात झेप घेऊन ट्राय केला आणि त्यानंतरच्या किकच्या दोन गुणांसह फ्रान्स ३०-२४ ने जिंकला. त्याचे नाव निघाले की हाच ट्राय सगळे सांगतात. मला मात्र त्याच्या नावावर न लागलेला एक ट्राय जास्त आवडतो. मार्च १९९१, ट्विकनहॅम. इंग्लंडची गोलखांबांकडे मारलेली पेनल्टी किक हुकली. चेंडू फ्रान्सच्या गोलरेषेमागे होता. तो तिथेच जमिनीला टेकवून मोकळे होणे, ही सगळ्यांची रीत. ब्लांको पळत सुटला! हातोहात चेंडू पुढे गेला आणि दुसऱ्या टोकाला फिलिप सां-आंद्रेने तो थेट गोलखांबांखाली टेकवला. सामना फ्रान्स २१-१९ असा हरला, ही गोष्ट वेगळी. आकड्यांच्या तक्त्यात ब्लांकोच्या खात्यावर त्या धावेचे काहीच जमा नाही.

आता 'व्यावसायिक' या शब्दाविषयी. रग्बी युनियनमध्ये (पंधरा जणांच्या या रग्बीत) पैसे घेऊन खेळण्याला मान्यता मिळाली १९९५ मध्ये. व्हेनेझुएलातल्या काराकासला जन्मलेला, वडील गेल्यावर आईबरोबर फ्रान्सच्या बास्क किनाऱ्यावर आलेला हा मुलगा शेवटपर्यंत बियारित्झ या एकाच क्लबसाठी हौशी म्हणून खेळला. (सिगारेट ओढण्यातही त्याची ख्याती होती म्हणे, आजचे फिटनेस ट्रेनर घेरी येऊन पडतील.) गंमत म्हणजे १९९८ पासून दहा वर्षे फ्रान्सच्या व्यावसायिक लीगचा अध्यक्ष हाच!

देशासाठी तो शेवटचा खेळला १९९१ च्या विश्वचषकात, पॅरिसमध्ये इंग्लंडविरुद्ध. १९-१० अशी हार. फ्रेंच क्लब विजेतेपदाची ढाल त्याला कधीच मिळाली नव्हती. तिच्यासाठी जून १९९२ मध्ये बियारित्झने तूलाँविरुद्ध अंतिम सामना खेळला. ब्लांकोचा तो अखेरचा सामना. बियारित्झ १९-१४ ने हरले.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे