गडकरीसाहेब, 140 चं नंतर बघू, आधी लेनचं बघा

मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा जालन्याचा, आता बरीच वर्षं नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. पत्राचं निमित्त एक गाडी आहे, पण गाडी तुमच्याकडे मागत नाहीये, घाबरू नका; विषय आहे तुम्ही सुचवलेली एक्सप्रेसवेवरची ताशी 140 ची वेगमर्यादा आणि त्याआधी लागणारी लेनची शिस्त. माझ्या मित्राने नवीन बीएमडब्ल्यू एम5 टुरिंग घेतलीय, म्हणजे स्टेशन वॅगन, मागे लांब डिकीवाली, आणि परवा आम्ही दोघं तिच्यातून म्युनिक ते बर्लिन गेलो, पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास, कारण बर्लिनमधल्या मराठी पोरांना गणपतीसाठी ढोल हवे होते आणि ढोल कुरिअरने पाठवायचे म्हणजे काय पैसे पडतात ते विचारू नका. मागची सीट पाडली की 1630 लिटरचा डिकीखाना होतो, त्यात ढोल, ताशे, झांजा, टिपरूंची पिशवी, सगळं बसलं आणि वर आमच्या बॅगा. असले 727 हॉर्सपॉवरचे ढोल कुठल्याच पथकाने नेले नसतील.

आधी गाडीचं सांगतो, कारण तुम्हालाही गाड्यांची आवड आहे हे सगळ्यांना माहितीय. 4.4 लिटरचं व्ही8 (म्हणजे आठ सिलिंडरचं) ट्विन टर्बो इंजिन, सोबत इलेक्ट्रिक मोटर, टॉर्क म्हणजे ओढ 1000 न्यूटन मीटर, 0 ते 100 साडेतीन सेकंदांच्या जरा वर. पहिल्या 2000 किलोमीटरपर्यंत ही गाडी ताणायची नसते, 170 च्या वर नाही, मग तेल बदलून घ्यायचं, ते सगळं मित्राने उरकलेलं होतं म्हणून माझ्या हातात किल्ली आली. सकाळी सोसायटीतून निघताना आवाजच नाही, बॅटरीवर चालते, शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. पन्नाससाठ किलोमीटर अशी निमूट जाऊ शकते. मग पाय दाबला की व्ही8 जागं होतं आणि मागे ढोलांची कातडी आपोआप घुमायला लागते, खरंच, वेगळं वाजवायची गरज नव्हती.

वजन मात्र अडीच टन. हे कळतं. सरळ रस्त्यावर कळत नाही, रुळावर असल्यासारखी बसते, पण लांब वळणावर ब्रेक मारून आत घातली की मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं. जुनी एम5 टुरिंग, 2007 ची व्ही10 वाली, तिचे लोक अजून उसासे टाकतात, आणि 1992 ची पहिली तर आता दिसतच नाही. त्या मानाने ही फार सभ्य आहे. सीट एकदम मस्त, पाठ दुखली नाही. टायर रुंद आहेत त्यामुळे खडबडीत काँक्रीटवर घरघर आत येते, आणि टाकी फक्त 60 लिटरची, दोनशेच्या वर चालवली की काटा डोळ्यांदेखत खाली येतो. पेट्रोल ऑटोबानवरच्या, म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेवरच्या, पंपावर भरायचं नाही हे इथल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे, एक्झिट घेऊन बाहेर गेलं की लिटरमागे बरेच सेंट वाचतात. दीड लाख युरोच्या आसपासची गाडी घेऊन आम्ही सेंट वाचवायला बाहेर पडलो, असो.

आता मुद्द्यावर येतो.

इंगोलश्टाट मागे पडल्यावर कधीतरी ती पाटी आली, पांढरा गोल आणि त्यावर तिरप्या काळ्या रेघा, म्हणजे इथून पुढे लिमिट नाही. मी 240 पर्यंत नेली. मित्र म्हणाला अजून ने, मी म्हणलं बास. आणि साहेब, तेव्हा माझ्या डोक्यात गाडीचा विचारच नव्हता. मी बघत होतो ते उजवीकडच्या ट्रकांकडे. (इथे उलटं आहे, गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून ओव्हरटेकची लेन डावीकडची.) ट्रकची लांबच लांब रांग, 80-90 ने, सगळे उजव्या लेनमध्ये. मधल्या लेनमध्ये एक म्हातारं जोडपं छोट्या गाडीत 120 ने, त्यांना पुढच्या ट्रकला मागे टाकायचं होतं तेवढ्यापुरते ते मधे आले आणि झालं की परत उजवीकडे. कोणी माझ्या पुढ्यात अचानक आलं नाही. एकाने येण्याआधी इंडिकेटर दिला, मग थांबला, मला जाऊ दिलं, मग आला. माझ्या आणि त्याच्या स्पीडमध्ये शंभरचा फरक होता आणि आम्ही दोघंही घरी पोचलो. 240 ची गाडी कंपनीने बनवलीय, पण 240 शक्य केलं ते त्या म्हाताऱ्याने आणि त्या ट्रकवाल्यांनी.

तुम्ही 2021 साली म्हणाला होतात की एक्सप्रेसवेवर 140 ची मर्यादा हवी, असं तुमचं वैयक्तिक मत आहे. रस्ता 140 चा आहे हे मलाही मान्य आहे. समृद्धी महामार्ग मी बघितलाय, 701 किलोमीटर, 2025 च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला, आमच्या जालन्यावरून जातो, काँक्रीट इथल्या कित्येक जुन्या ऑटोबानपेक्षा चांगलं आहे, हे मी जर्मन लोकांसमोर छाती पुढे काढून सांगतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं काम तर युतीच्या सरकारात तुम्ही बांधकाम मंत्री असताना सुरू झालं, ते श्रेय तुमच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण रस्त्यावर 140 चा वेग कोण वापरणार आणि त्याच्या पुढ्यात उजव्या लेनमध्ये 40 ने चाललेला कंटेनर कोण हलवणार?

मागे भारतात आलो होतो तेव्हा भावाच्या शेजारी बसून एक्सप्रेसवेवरून गेलो. उजव्या लेनमध्ये ट्रक, मधल्यात ट्रक, डावी लेन मोकळी, आणि सगळ्या कार डावीकडून सुसाट. भाऊ म्हणाला इथे असंच असतं. मी ट्रकवाल्याला शिव्या घालत होतो, मग खोपोलीच्या आसपास चहाला थांबलो तिथे एका ड्रायव्हरला विचारलंच, काका, उजवीकडून का चालवता? तो म्हणाला, डावीकडे कोण कधी उभा असेल सांगता येत नाही, बंद पडलेली गाडी असते, कोणी लघवीला थांबलेला असतो, बाहेरच्या हायवेला तर समोरून उलटा ट्रॅक्टर येतो, भरलेली गाडी मी कशी थांबवणार? बरोबर आहे त्याचं. आपण त्याला डावी लेन दिलीच नाहीये, नुसती आखून ठेवलीय.

तर 140 च्या आधी मला हे हवंय, की डावी लेन चालण्यालायक होऊ दे. उभ्या गाड्या तिथून तासाभरात नाही, मिनिटांत उचलल्या गेल्या पाहिजेत. ट्रकना थांबायला दर थोड्या अंतरावर जागा पाहिजे, संडास पाहिजे, झोपायला पाहिजे. इथे ड्रायव्हरला साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, नियम आहे, आणि मशीनमध्ये नोंद होते. तुम्ही नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलात, 2025 पासून, ते मला फार आवडलं, 45 डिग्रीत विदर्भातून ट्रक चालवणाऱ्याचा विचार दिल्लीत फार लोक करत नाहीत. त्याच माणसाला आता थांबायला जागा द्या, मग त्याला डावीकडे पाठवा.

आणि पाठवताना थोडा धाक पण लागेल. आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर रस्त्याचे नियम मोडले की 500 ते 1000 रुपये दंड आहे. मुंबई-पुण्याला कॅमेरे लागलेत, लेन कटिंगचंही चलन जातं, चांगलंय. पण इथे ओव्हरटेकची लेन विनाकारण अडवून धरली की 80 युरो आणि लायसन्सवर एक पॉइंट. चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केलं तर 100 युरो आणि एक पॉइंट. आठ पॉइंट झाले की लायसन्स गेलं. दंड श्रीमंत भरून टाकतो, पॉइंट भरता येत नाहीत. दीड लाख युरोच्या गाडीवाल्याला आणि म्हाताऱ्या जोडप्याला पॉइंट सारखाच दुखतो. अजून एक, इथे लिमिट नसलं तरी 130 हा सल्ल्याचा वेग आहे, आणि त्याच्यावर जाऊन अपघात झाला तर चूक समोरच्याची असली तरी भरपाईत तुमचा वाटा पकडला जाऊ शकतो. म्हणजे 240 ने जा, पण तुझ्या जबाबदारीवर. ही अक्कल 140 च्या पाटीबरोबर आली पाहिजे.

मला माहितीय लोक म्हणतील जर्मनीशी काय तुलना, आपली लोकसंख्या बघा. बघितली. 2023 साली इथे रस्त्यावर 2839 माणसं गेली. आपल्याकडे त्याच वर्षी 1 लाख 72 हजारांहून जास्त. आपली लोकसंख्या साधारण 17 पट आहे, 17 ने गुणलं तरी 50 हजारांच्या आत येतं, आणि गाड्या तर इथे माणशी कितीतरी जास्त. तुम्ही स्वतः डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत सांगितलंत की परदेशातल्या परिषदांमध्ये अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. एवढं स्पष्ट बोलणारा मंत्री विरळा, म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

मधेच एक अवांतर. आपल्याकडे वॅगन चालत नाही याचं वाईट वाटतं. टाटांनी एस्टेट काढली, नंतर इंडिगो मरीना काढली, लोकांनी घेतली नाही, आणि चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत आल्यावर लांब डिकीचा विषयच संपला. पण ते खातं तुमचं नाही, सोडून देतो.

परत रस्त्यावर. सगळ्यात जास्त फरक मला कुठे वाटतो सांगू का, शिकवण्यात. माझं भारतातलं लायसन्स इथे सहा महिने चाललं, नंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागल्या. इथल्या पोरांना तर लायसन्सच्या आधी पाऊण तासाचा एक असे चार धडे ऑटोबानवर, पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर आणि तीन अंधारात घेणं सक्तीचं आहे, शेजारी मास्तर बसवून. लेन बदलताना मान वळवून मागे बघितलं नाही की परीक्षक नापास करतो. आपल्याकडे एच किंवा आठचा आकडा काढला, लायसन्स मिळालं, आणि पोरगा पहिल्यांदा एक्सप्रेसवेवर चढतो तो एकदम 120 च्या लेनमध्ये, शेजारी मित्र, हातात मोबाईल. तुम्ही 2021 पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग सेंटरचे नियम आणलेत, कारसाठी 29 तासांचा कोर्स आहे त्यात. ते नियम दिल्लीतच बनतात, तुमच्याच मंत्रालयात, कोणत्या राज्याची मनधरणी करायची गरज नाही. त्या 29 तासांत चार तास एक्सप्रेसवेचे घाला, मास्तरसकट, लेन बदलणं, ट्रकच्या मागून बाहेर पडणं, परत डावीकडे येणं, एवढंच. आणि जे सेंटरला न जाता थेट आरटीओत परीक्षा देतात त्यांनाही तेच लावा, नाहीतर सगळे पळवाटेनेच जाणार.

आणि जमलं तर मंत्र्यांच्या ताफ्यांनाही सांगा, ओव्हरटेक झालं की डावीकडे या म्हणून. सायरन वाजवत उजव्या लेनला चिकटून राहणारे ताफे बघून लोक शिकतात.

बर्लिनला संध्याकाळी पोचलो. ढोल उतरवले, एका ढोलाची दोरी ढिली झाली होती, बाकी सगळं शाबूत. 140 चा निर्णय घ्याल तेव्हा घ्या, चार तासांचं मात्र उत्तर मला नक्की द्या, हो की नाही एवढंच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जालनेकर, सध्या मुक्काम म्युनिक